दाराआड काय घडलं? कॅमेऱ्याचं नाव न घेता पटकथेत कसं लिहायचं

बंद दारामागे एक म्हातारा माणूस पाय घसरून पडतो. दाराच्या अलीकडे त्याची मुलगी त्याच्या शर्टाला इस्त्री करते आहे. त्याचं पडणं दाखवायचं नाही, ते फक्त कळायला हवं. एवढाच प्रसंग. पण तो लिहायला बसलं की पहिला मसुदा बऱ्याचदा असा उतरतो ('इंट.' म्हणजे इंटिरिअर, आतल्या जागेतला प्रसंग):

इंट. रेवाचं घर – रात्र

रेवा इस्त्री करत आहे. कॅमेरा तिच्यावरून पॅन होत न्हाणीघराच्या दारावर येतो. ऑफस्क्रीन मोठा आवाज. कट टू: रेवाचा क्लोजअप. ती दचकते. टिल्ट डाउन: दाराखालून पाणी येत आहे. झूम इन.

घटनाक्रम बरोबर आहे, समजायलाही काही अडचण नाही. पण कोणी काय केलं ते मोजा. रेवाने दोन गोष्टी केल्या: इस्त्री केली आणि दचकली. कॅमेऱ्याने चार केल्या: पॅन (आडवं वळणं), कट (दुसऱ्या शॉटवर उडी), टिल्ट (वर-खाली वळणं), झूम (जवळ जाणं). म्हणजे प्रसंगातलं सगळ्यात कामसू पात्र कॅमेरा आहे, आणि वाचणाऱ्याचं लक्ष त्याच्याच मागे फिरतं. बाबांचं काय झालं असेल याची काळजी करायला त्याला उसंतच मिळत नाही.

पडद्याबाहेर घडणारी गोष्ट लिहिणं हे कॅमेरा कुठे फिरवायचा हे सांगण्याचं काम नाही. बाहेरच्या घटनेतलं आत काय पोचतं आणि आत असलेल्या माणसाचं त्याने काय होतं, एवढं लिहायचं. माझा सगळा भर यावरच आहे. बाकीचं सगळं याच्या पोटात येतं.

कॅमेरा का नको

पटकथेचे ढोबळमानाने दोन टप्पे असतात. पहिली पटकथा वाचण्यासाठी असते. निर्माता, दिग्दर्शक, नट ती वाचून ठरवतात की हा चित्रपट करायचा का. दुसरी चित्रीकरणाची पटकथा. तिच्यात प्रसंगांना क्रमांक पडतात आणि गरजेप्रमाणे शॉटच्या सूचना येतात. तोवर दिग्दर्शक आणि छायालेखक बसून प्रसंगांची शॉटमध्ये फोड करू लागलेले असतात. कॅमेऱ्याच्या सूचनांची जागा ही दुसरी. पहिल्या टप्प्यावर लेखकाने त्या घातल्या तर तो दुसऱ्याचं काम करतो, आणि बहुतेक वेळा अर्धवट करतो, कारण जागा, भिंग, उजेड यांतलं त्याच्या हातात अजून काहीच नसतं.

वेळेचाही हिशेब आहे. इंग्रजी पटकथेची ठरलेली मांडणी, म्हणजे कुरिअर टंक, १२ पॉइंट, एका पानाला साधारण एक मिनिट असा अंदाज देते. म्हणून पूर्ण लांबीच्या चित्रपटाची पटकथा बहुधा ९० ते १२० पानांच्या दरम्यान असते. 'टिल्ट डाउन, झूम इन' असे शब्द पानावर जागा खातात, पण पडद्यावर तेवढा वेळ घेतीलच असं नाही. असे शब्द वाढले की पान आणि मिनिट यांची सांगड सुटते. देवनागरीत टंक बदलल्यावर हा हिशेब तसाही सैल होतो. त्यामुळे घड्याळ लावून प्रसंग मोठ्याने वाचून बघणं केव्हाही चांगलं.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते तिसरं कारण. पडद्याबाहेरची घटना वाचणाऱ्याच्या मनात घडते. दार बंद आहे, आतला आवाज थांबलाय, आणि तो स्वतःच चित्र रंगवू लागलाय. नेमक्या त्या क्षणी 'झूम इन' आलं की त्याला आठवतं, अरे, हे शूटिंग आहे. जमत आलेलं चित्र मोडतं.

नेपथ्ये

कॅमेरा नव्हता तेव्हाही हा प्रश्न होता. संस्कृत नाट्यशास्त्राच्या परंपरेत युद्ध, नगराला पडलेला वेढा, मृत्यू अशा गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत असा संकेत आहे. मग त्या कळवायच्या कशा? त्यासाठी पाच अर्थोपक्षेपक, म्हणजे न दाखवलेली गोष्ट कळवायचे मार्ग, सांगितले आहेत: विष्कंभक, प्रवेशक, चूलिका, अंकास्य आणि अंकावतार. यातली चूलिका आपल्या कामाची. पडद्याआडच्या, न दिसणाऱ्या पात्राच्या आवाजातून कळवलेली गोष्ट म्हणजे चूलिका. संहितेत नाटककार फक्त 'नेपथ्ये', म्हणजे 'पडद्याआड', एवढा शब्द लिहितो आणि पुढे ते वाक्य. रंगमंचावरचं पात्र कान टवकारतं, आणि तिकडे काहीतरी घडलं हे आपल्याला पटतं.

ग्रीक शोकांतिकांमध्येही खून बहुतेक राजवाड्याच्या आत होतात. एस्किलसच्या 'अ‍ॅगमेम्नॉन' या इ. स. पू. ४५८ च्या नाटकात राजाच्या दोन किंकाळ्या आतून ऐकू येतात. बाहेर बारा वृद्धांचा कोरस, म्हणजे नाटकातला समूह, उभा आहे. ते काय करतात? आत धावत जात नाहीत. एकेक जण दोन-दोन ओळींत आपलं मत देतो: आत शिरावं का, लोकांना बोलवावं का, आधी खात्री करावी का. आत माणूस मरतोय आणि बाहेर बारा जणांची चर्चा चालली आहे. खून दाखवला असता तर तो नुसता खून राहिला असता. न दाखवल्यामुळे प्रसंग त्या बारा जणांच्या कचरण्याचा झाला.

चित्रपटातलं एक उदाहरण द्यायलाच हवं. फ्रित्झ लांगचा 'एम', १९३१, पटकथा थेआ फॉन हार्बू आणि लांग यांची. एका लहान मुलीचा खून होतो आणि तो आपण बघत नाही. आई जेवणाची तयारी करून वाट बघते, मुलीला हाका मारते. त्या हाकांवर आपल्याला दिसतो रिकामा जिना, रिकामा माळा, टेबलावरची न वापरलेली ताटली. मग झुडपातून घरंगळत येऊन थांबणारा तिचा चेंडू, आणि तारांत अडकलेला फुगा. या चित्रांत माणूसच नाही. मग 'आत असलेल्या माणसाचं काय होतं ते लिहा' हे म्हणणं खोटं पडतं का? नाही पडत, कारण आईचं वाट बघणं आधी आलं आहे. तो जिना, ती ताटली आपण आईच्या धास्तीने बघतो. वाट बघणारं कोणी आधी उभं केलं नसतं, तर तो चेंडू नुसताच चेंडू राहिला असता.

कोणाला दिसतं, कोण बघतं

आता वाक्याकडे येऊ. मराठीत लिहिणाऱ्याला इथे एक मोठी सोय आहे. कॅमेऱ्याची बरीच कामं आपलं व्याकरण आपणहून करतं. हीच चार उदाहरणं बघा.

रेवाला दाराखालून येणारं पाणी दिसतं.

रेवा दाराखालच्या पाण्याकडे बघत राहते.

दाराखालून पाणी येतं. रेवाची पाठ दाराकडे आहे.

रेवाच्या तळव्याला गार लागतं. ती खाली बघते. पाणी.

पाणी तेच, दार तेच, तरी हे चार वेगळे प्रसंग आहेत. पहिल्यात 'रेवाला दिसतं' आहे. ती बघायला गेलेली नाही, ते तिच्यासमोर आलं. वाचणारा तिच्या डोळ्यांनी बघतो, दृष्टिकोनाचा शॉट असं काही लिहावं लागत नाही. दुसऱ्यात 'बघत राहते' आहे. आता आपण पाणी बघत नाही, रेवाला बघतो आहोत. तिला कळलंय आणि तरी ती हललेली नाही, म्हणजे तिच्याबद्दल एक प्रश्न उभा राहिला. तिसऱ्यात पाणी आपल्याला दिसलं, तिला नाही. आपण तिच्या पुढे गेलो आणि 'अगं, मागे बघ' असं ओरडावंसं वाटू लागलं. चौथ्यात स्पर्श आधी, नजर नंतर, वस्तू शेवटी. तिच्यासाठी तो धक्का आहे आणि आपल्यासाठीही.

दिग्दर्शक या चार वाक्यांचे शॉट चार वेगळ्या तऱ्हांनी लावेल. लेखकाने त्याला एकदाही 'क्लोजअप' म्हटलेलं नाही.

अंतराचंही तसंच. तुम्ही किती लहान वस्तूचं नाव घेता त्यावरून वाचणारा किती जवळ उभा आहे ते ठरतं. 'टेकडीवर एक ठिपका हलतो' म्हटलं की आपण लांब. 'नखाखाली माती' म्हटलं की आपण नाकाजवळ. आणि परिच्छेद सोडून एकच शब्द स्वतंत्र ओळीवर लिहिला की डोळा तिथे थांबतो. एवढं वापरता आलं की कॅमेऱ्याचे शब्द सुचणंच कमी होतं.

एक पळवाट मात्र टाळा. 'कॅमेरा' हा शब्द काढून त्या जागी 'आपण' घालायचा: 'आपण हळूहळू दाराकडे सरकतो.' हा वेषांतर केलेला कॅमेराच आहे. कधीतरी ते सरकणंच अर्थाचं असतं, तेव्हा जरूर लिहावं. अख्ख्या पटकथेत एकदा-दोनदा. 'आपल्याला ऐकू येतं' याची तर मराठीत गरजच नाही. 'जिन्यावर पावलं वाजतात' एवढं पुरतं. ऐकणारा गृहीतच असतो.

आवाज: मोठा म्हणजे कसा?

पडद्याबाहेरची घटना आत येते ती बहुतेक वेळा आवाजाच्या वाटेने. आणि इथेच सगळ्यात आळशी लिखाण होतं. 'मोठा आवाज होतो.' कसला? कपाट पडलं, फटाका वाजला की दार आपटलं? ध्वनिमुद्रण करणाऱ्याला यातून काही मिळत नाही, नटीला काय ऐकून दचकायचं ते कळत नाही, आणि वाचणाऱ्याच्या कानात काहीच वाजत नाही.

मराठीकडे या कामासाठी जो साठा आहे तो मला फार मोलाचा वाटतो. धप्पकन, धाडकन, खळ्ळकन, खणकन, कटकन, टपकन. या 'कन' लागलेल्या शब्दांत आवाज असतो, वेग असतो आणि वस्तू कशाची आहे तेही असतं. खळ्ळकन म्हटलं की काच. खणकन म्हटलं की धातू. कटकन म्हटलं की बारीक, कोरडं काहीतरी मोडलं. दुसरीकडे लांबणारे आवाज: करकर, सळसळ, घरघर, टपटप, छपछप. हे एकदा होऊन संपत नाहीत, चालू राहतात. एक आवाज क्षणाचा आणि एक चालू असलेला, हा फरक कागदावर दिसला पाहिजे, कारण प्रसंगाचा ताण बहुतेक वेळा त्यातूनच येतो. नळ चालू आहे. त्यात एकदाच धप्. नळ चालूच.

आवाजातून माणूसही कळतो. 'दार धाडकन लागतं' आणि 'दाराची कडी हळूच सरकते' यांमागची माणसं वेगळी आहेत, ती न दिसताही. शेजारच्या खोलीत कोणी फेऱ्या मारत असेल तर 'पावलांचा आवाज' एवढ्यावर थांबू नका. पावलं घसटत जातात का, दर चार पावलांनी थांबतात का, एक पाऊल दुसऱ्यापेक्षा जड पडतं का? असा एखादा तपशील भिंतीपलीकडच्या माणसाला शरीर देतो.

इंग्रजी पटकथेत महत्त्वाचे आवाज मोठ्या लिपीत लिहायची जुनी पद्धत आहे. देवनागरीत मोठी लिपी आणि छोटी लिपी नाही. काही जण ठळक करतात, काही अधोरेखित. मला आवाजाला स्वतःची ओळ देणं सगळ्यात चांगलं वाटतं. पानावर नजर टाकली तरी तो दिसतो, आणि वाचताना त्याच्याआधी एक छोटा थांबा आपोआप पडतो.

शांततेबद्दल एकच. 'शांतता' हा शब्द लिहून शांतता होत नाही. चालू असलेला एखादा आवाज बंद पडला, किंवा इतका वेळ ऐकू न आलेला बारीक आवाज आता ऐकू येऊ लागला, की शांतता कळते. 'गुणगुणणं थांबतं. घड्याळाची टिकटिक.' झालं.

ओ.एस. आणि व्ही.ओ.

न दिसणारं पात्र बोलतं तेव्हा त्याच्या नावापुढे खूण करतात. ओ.एस., म्हणजे ऑफस्क्रीन: पात्र त्याच जागी, त्याच वेळी आहे, फक्त दिसत नाही. दाराआड, जिन्यावर, वरच्या मजल्यावर. व्ही.ओ., म्हणजे व्हॉइस ओव्हर: आवाज त्या जागेचा नाहीच. निवेदक, मनातलं बोलणं, ध्वनिमुद्रित निरोप, फोनच्या पलीकडचा माणूस. टीव्हीच्या संहितांत ओ.एस. ऐवजी ओ.सी., म्हणजे ऑफ कॅमेरा, असंही दिसतं.

गोंधळ होतो तो एका ठिकाणी. पात्र त्याच खोलीत आहे, दुसऱ्याशी समोरासमोर बोलतंय, आणि लेखक मनात ठरवतो की या वाक्याला आपण ऐकणाऱ्याचा चेहरा बघू. म्हणून बोलणाऱ्याला ओ.एस. लावतो. ही कॅमेऱ्याची सूचनाच झाली, मागच्या दाराने आलेली. कोणाच्या वाक्यावर कोणाचा चेहरा दिसेल हे दिग्दर्शक आणि संकलक ठरवतील. ऐकणाऱ्याचा चेहरा महत्त्वाचा असेल तर त्याला काहीतरी करायला द्या, मग त्याच्याकडे बघावंच लागेल. ओ.एस. तेव्हाच लावा, जेव्हा मधे खरोखरीचं दार, भिंत किंवा जिना असेल.

भिंतीपलीकडच्या बोलण्यात किती कळतं तेही लिहायला हवं. शब्द स्पष्ट ऐकू येतात? की फक्त सूर? की कोणीतरी बोलतंय एवढंच? 'शेजारच्या खोलीत भांडण' यापेक्षा हे वाचा: 'भिंतीपलीकडे एक चढा आवाज. शब्द कळत नाहीत. मधूनमधून थांबतो, पण उत्तर येत नाही.' आता पलीकडे किती माणसं आहेत हीच शंका येते.

आपण कुठे आहोत

चित्रपट-अभ्यासक नोएल बर्च यांनी १९६९ च्या आपल्या फ्रेंच पुस्तकात चौकटीबाहेरच्या जागेचे सहा भाग सांगितले: चौकटीच्या चार कडांपलीकडचे चार, कॅमेऱ्यामागचा एक, आणि नेपथ्याच्या किंवा एखाद्या वस्तूच्या आड दडलेला एक. दिग्दर्शकाला ही मांडणी फार उपयोगी. लेखकाने मात्र ती जागेच्या भाषेत आणावी. 'चौकटीच्या डावीकडून आवाज' असं नाही, 'जिन्यावरून आवाज'. डावं-उजवं कॅमेरा लागल्यावर ठरेल. जिना मात्र घरात आहेच.

याच कारणाने, न दाखवायच्या घटनेसाठी पटकथेतलं सगळ्यात भक्कम साधन म्हणजे प्रसंगाचं शीर्षक. 'इंट. बाहेरची खोली – रात्र' एकदा लिहिलं की नवं शीर्षक येईपर्यंत आपण त्या खोलीतून हलत नाही. पात्र निघून गेलं तरी आपण तिथेच. 'कॅमेरा खोलीतच राहतो' असं वेगळं सांगावं लागत नाही. आणि उलट, या शीर्षकाखाली 'बाबा न्हाणीघरात घसरून पडतात' असं लिहिलं तर निर्मिती बघणाऱ्या माणसाचा प्रश्न रास्त आहे: न्हाणीघर उभारायचं का? पडायला स्टंटचा माणूस लागेल का? वाचणाऱ्यालाही प्रेक्षकाच्या आधी सगळं कळलेलं असतं, म्हणजे प्रेक्षकाची ती भीती त्याच्या वाट्याला येतच नाही. प्रेक्षकाला त्या क्षणी जेवढं कळेल तेवढंच कागदावर असावं, असं मी धरून चालतो.

आता तोच प्रसंग पुन्हा.

इंट. रेवाचं घर, बाहेरची खोली – रात्र

टेबलावर पसरलेला पांढरा शर्ट. रेवा (३५) कॉलरवरून इस्त्री फिरवते.

समोरच्या भिंतीत न्हाणीघराचं बंद दार. आत नळाची धार, आणि त्यातच कोणाचं तरी गुणगुणणं.

बाबा (ओ.एस.)
निळा नको हं. पांढरा कर.

रेवा
पांढराच घेतलाय, बाबा.

गुणगुणणं पुन्हा सुरू. रेवा उजवी बाही पसरते.

धप्.

काहीतरी फरशीवर गरगरत जातं. थांबतं.

नळ चालूच. गुणगुणणं नाही.

रेवाचा हात बाहीच्या मध्यावर थांबतो.

रेवा
बाबा?

नळाची धार.

रेवा
काय पडलं, बाबा?

दाराखालच्या फटीतून पाणी येतं. फरशीच्या सांध्यातून सरळ पुढे सरकतं.

रेवा दाराकडे धावते, ढकलते. दार उघडं आहे. ती आत जाते. दार तिच्यामागे अर्धवट मिटतं.

खोलीत कोणी नाही. इस्त्री शर्टावर तशीच.

रेवा (ओ.एस.)
माझ्याकडे बघा. बाबा, इकडे. माझ्याकडे.

नळ बंद होतो.

इस्त्रीच्या कडेने धुराची बारीक रेघ वर चढते.

यात बाबांचं पडणं कुठेही लिहिलेलं नाही. रेवा घाबरली असंही नाही. तिचा हात थांबतो, आणि ती इस्त्री उचलून ठेवायचं विसरते. घाबरलेला माणूस नेमकं हेच विसरतो. पाण्याचं वाक्य लिहिताना मघाचा तिसरा पर्याय, रेवाची पाठ दाराकडे असण्याचा, मला खुणावत होता. ताण वाढला असता. पण मग प्रसंग तिच्या बेसावधपणाचा झाला असता आणि प्रेक्षक तिला दोष देत बसला असता. मला प्रेक्षक तिच्या बरोबरीने हवा होता, म्हणून पाणी तिला आणि आपल्याला एकदमच दिसतं.

ती आत गेल्यावर आपण खोलीत का राहिलो, तर आता आतली ती आणि बाबा दोघंही आपल्यापासून दुरावले. आधी तिला जी भीती होती ती आपली झाली. 'माझ्याकडे बघा' याला उत्तर येत नाही. नळ बंद झाला हे बरं की वाईट, कळत नाही. डोळ्यांसमोर फक्त जळत जाणारा शर्ट.

हे पान दिग्दर्शकाने एकाच स्थिर शॉटमध्ये घ्यावं किंवा वीस तुकड्यांत, प्रसंग उभा राहायला हवा. लिहून झाल्यावर मी हे दोन्ही डोळ्यांसमोर आणून बघतो. एखाद्या विशिष्ट शॉटवाचून अर्थ लागत नसेल, तर कुठेतरी माणसाऐवजी कॅमेऱ्यावर भिस्त ठेवली आहे असं समजतो.

कधी दाखवावंच

न दाखवणं म्हणजे आपोआप चांगलं लेखन, असं मुळीच नाही. कठीण प्रसंग लिहायचा टाळण्यासाठीही दार बंद करता येतं. दोन पात्रांमधलं भांडण अख्ख्या पटकथेत रटरटत आलं आणि ऐन वेळी आपण खिडकीबाहेरच्या पावसाकडे बघत राहिलो, तर प्रेक्षकाला फसवल्यासारखं वाटतं, आणि त्याचं बरोबर असतं. मी एकच गोष्ट बघतो: ती घटना आड घडत असताना आपल्यासमोर कोण आहे आणि त्याचं काही बदलतंय का? समोर कोणी बदलत असेल, तर दार बंद असू द्या. नुसतीच भिंत बघायची असेल, तर दार उघडून आत जा.

भिंतच दाखवायची आणि तीच सगळं बोलेल, असंही करता येतं, पण त्याला विलक्षण धीर लागतो. २०२३ च्या 'द झोन ऑफ इंटरेस्ट' या चित्रपटात आउश्वित्झच्या प्रमुखाचं कुटुंब छळछावणीच्या भिंतीला लागून राहतं. भिंतीपलीकडची हत्या आपण बघत नाही, ऐकतो. अलीकडे बाग फुललेली, मुलं खेळतायत. त्या चित्रपटाला २०२४ मध्ये ध्वनीसाठी ऑस्कर मिळालं. पण तिथेही समोर माणसं आहेत, आणि ती बदलत नाहीत हीच तिथली भयंकर गोष्ट आहे. न बदलणं हेही त्या माणसांचं काहीतरी होणंच आहे.

राहिला आपला प्रसंग. धुराच्या रेघेवर तो सोडला, पण बाबांचं काय झालं हे कधीतरी कळायला हवं. इथे मोह होतो तो शेजारीण किंवा डॉक्टर आणून त्यांच्या तोंडी सगळा वृत्तांत घालण्याचा. त्याची गरज नाही. आड घडलेल्या गोष्टीचा एखादा माग पुढच्या प्रसंगात राहिलेला असतो, तो शोधायचा. आपल्याकडे शर्ट आहे.

इंट. बाहेरची खोली – दिवस

बाबा खुर्चीत. डावा हात प्लास्टरमध्ये. रेवा त्यांच्या उजव्या हातावर पांढऱ्या शर्टाची बाही चढवते. बाहीवर इस्त्रीच्या टोकाएवढा तपकिरी डाग.

प्लास्टरमधून बाहेर आलेली बाबांची बोटं त्या डागावरून फिरतात.

बाबा
निळा चालला असता.